रात्री बारापर्यंत

तुम्ही नव्या. सहा नंबरची खुर्ची.
पुस्तक आणलंत, तेही पुठ्ठ्याच्या बांधणीचं.
ठेवा पिशवीत.
डाव्या हातात सुया, तो चार तास हलवायचा नाही,
आणि एका हाताने पान उलटायला जावं
तर पुस्तक पोटावर मिटतं, मला विचारा.
भायखळ्याच्या या दुसऱ्या मजल्यावर
फोन बरा. अंगठा पुरतो.

आता ऐका. आज रात्री बारापर्यंत
ती निळ्या मुखपृष्ठाची एकोणपन्नासला आहे,
एरवी दोनशे नव्व्याण्णव.
ऐंशी टक्क्यांच्या वर सूट.
आपल्या किडन्यांनी याहून जास्त दिलीय.

प्रेमकथा. गोदीतला हिशेबनीस
आणि टेलिफोन एक्स्चेंजमधली मुलगी.
दोनशे पानं नुसते आवाज.
मग भेटतात, आणि थोडी निराशाच होते,
त्यांची, आपलीही.
तिथे सोडू नका. खरी तिथून सुरू होते.

दुसरी, जिच्यात नायकाच्या शर्टाला बटणंच नाहीत,
ती एकोणीस रुपयांना आहे
आणि एकोणीसच्याच लायकीची आहे.
तरी घ्या. बीपी पडतं तेव्हा तीच कामाला येते.

चहावाली नको.
लोक तिचं फार कौतुक करतात,
पण दर प्रकरणात कोणी ना कोणी आधण ठेवतं,
आलं किसतं, दुसरा कप ओततं,
आणि आपल्याला दिवसाला मोजून सातशे मिली.
मी मे महिन्यात वाचली
आणि नवऱ्याशी दोन दिवस बोलले नाही.

इतिहास हवा तर वेढ्याची घ्या.
सातशे पानं, एकोणसाठ रुपये.
गड कुठला, ते लेखकाने सांगितलेलं नाही.
सुरुवातीला वंशावळ आहे, ती सरळ ओलांडा,
सगळे आबाजी आणि बाबाजी.
चौथ्या महिन्यात टाकं आटतं.
किल्लेदार पाणी ओंजळीने वाटायला लागतो,
तेव्हा एक म्हातारा गोलंदाज
आपली ओंजळ एकदम पीत नाही.
ओठ भिजवतो. थांबतो.
पुन्हा ओठ भिजवतो.
इथे आम्ही पाचही खुर्च्यांनी मान हलवली.
लेखकाला हे कोणी सांगितलं असेल?

ती मला केणींनी सुचवली होती.
दामोदर केणी. खुर्ची कुठली, ते राहू दे.
फक्त लढाया वाचायचे.
प्रेमकथा म्हटलं की चेहरा
फॉस्फरसची गोळी चावल्यासारखा.
मी पैज लावून त्यांना निळी घ्यायला लावली,
तेव्हाही ती एकोणपन्नासलाच होती.
आल्या आल्या टक्के सांगायचे,
क्रिएटिनिन सांगावं तसे.
बारा. एकतीस.
पन्नास, आणि अजून भेटत नाहीत हो हे!
बासष्टवर थांबले.

महिन्याने त्यांच्या मिसेस आल्या,
फाइल न्यायला. हातात त्यांचा फोन.
म्हणाल्या, हे उघडंच राहिलंय, पुढे कसं न्यायचं?
म्हटलं, पहिल्यापासून वाचा ना, असं मागे जायचं.
म्हणाल्या, नको.
तेवढं त्यांनी वाचलंय.

बासष्ट म्हणजे
इराण्याकडची भेट झालेली,
बिल द्यायचं बाकी.

मी त्यांना अंगठा कसा फिरवायचा ते दाखवलं.
त्या तिथेच बाकावर बसल्या, पर्स मांडीवर,
आणि नसीम सिस्टरने दोनदा विचारलं तरी
त्यांना ऐकू गेलं नाही.

ते मशीन वाजलं तर घाबरू नका,
नळी दुमडली असेल.
तोवर ते पिवळं बटण दाबा.
नमुना फुकट आहे, दहा पानं,
पण त्या दहा पानांत तो नुसता एक नंबर मागतो
आणि तो लागत नाही,
त्यावर जाऊ नका.
सरळ घ्या.
उद्या तीच दोनशे नव्व्याण्णव,
आणि आपली पाळी एकदम परवा.